रिकामा न फिरणारा डबा

श्री. सदानंद खळदकर यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा त्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही. वर्ध्याहून नोकरीसाठी नुकतीच पुण्यात आलेली मी त्यांच्या टेबलापुढे उभी होते. संगणकावरची नजर न काढता सर म्हणाले, "हा खेळ मोडून दाखवा. जिथे मोडेल तिथे मला हाक मारा." मला वाटलं, गृहस्थ थट्टा करताहेत. पुणेरी थट्टा आणि पुणेरी हुकूम यांतला फरक कळायला मला पुढे बराच काळ लागला.

आमची कंपनी लहान होती. परदेशातल्या बँकांच्या जुन्या प्रणाली दुरुस्त करायच्या, हे पोटापाण्याचं काम. त्यातून सवड काढून मालकांनी सरांना संगणकावरचा एक खेळ करायला परवानगी दिली होती. तोच हा 'शेजार', ज्याच्यावर आज कॉलेजातली मुलं हमरीतुमरीवर येऊन वाद घालतात. ज्यांनी तो खेळला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आपण एक नवा भाडेकरू व्हायचं आणि कसबा पेठेसारख्या एका पेठेत राहायला यायचं. तिथे चिडचिडीची साथ आलेली असते आणि ती वस्तूंनाही लागते. सिग्नल रुसतो, रिक्षा "नाही येणार" म्हणत अंगावर येते, गच्चीवरची पाण्याची टाकी येता-जाता टोमणे मारते. आपल्याकडे तलवार नाही, बंदूक नाही. हातात छत्री आणि तोंडात उत्तर. उत्तर नेमकं बसलं की शत्रू मरत नाही, ओशाळून घरी जातो.

मी मंडईमागे एका खोलीत राहत होते. रुजू झाले आणि तापाने आडवी पडले. एका दुपारी दारावर थाप पडली. दारात सरांच्या पत्नी, शैलावहिनी. हातात स्टीलचा डबा, त्यावर 'सौ. शैला खळदकर' असं कोरलेलं. सरांच्या वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं आणि शिकत असताना सर तिथे बसून गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालायचे. हे अक्षर त्यांचंच. "मऊ भात आणि मेतकूट आहे. संपवा. डबा धुऊन द्या," एवढं बोलून वहिनी जिना उतरल्यासुद्धा. या शहरात मला 'जेवलीस का' म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. तो भात पुढ्यात घेऊन मी ढसाढसा रडले.

बरी झाल्यावर डबा परत करायचा होता. रिकामा कसा देणार? आईने बांधून दिलेली जवसाची चटणी त्यात भरली आणि कचेरीत सरांकडे दिली. सरांनी झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी 'शेजार'मधला 'खेळ संपला' हा फलक नाहीसा झाला होता! आता भाडेकरूची ताकद संपली की दार वाजायचं, कुणी शेजारीण आत यायची आणि म्हणायची, "झोपलात वाटतं? उठा, चार घास खा. डबा धुऊन द्या, आणि रिकामा देऊ नका, सांगून ठेवते." डब्यावरचं नाव वाचायचं, घर शोधायचं, काहीतरी मिळवून त्यात घालायचं आणि परत करायचा. मगच पुढे जाता यायचं.

भरलेला डबा आला की भरूनच परत करायचा, हा नियम सरांनी पेठेतल्या सगळ्याच पात्रांना लावला, आणि तिथेच मी खेळ मोडला. झालं असं, की कमलताईंचा डबा मी चुकून विमलताईंना दिला. विमलताईंनी वरचं नाव वाचून तो भरून कमलताईंना पोचवला. कमलताई तरी रिकामा कसा ठेवतील? त्यांनी भरून विमलताईंना. पुन्हा विमलताईंनी कमलताईंना. संगणक पार अडकला. मी ओरडले, "सर, या बायका थांबतच नाहीत!"

सर शांतपणे म्हणाले, "कुणी थांबायचं?"

"अहो, कुणीही! एकीने थांबलं तरी पुरे."

"मग आधी रिकामा डबा कोण देईल ते सांगा. तिला थांबवतो."

मी पडद्यावर एकदा कमलताईंकडे बघितलं, एकदा विमलताईंकडे.

मालकांनी कपाळाला हात लावला. "खळदकर, हा खेळ आहे की हळदीकुंकू? एकीने रिकामा द्यावा, विषय मिटला." सर म्हणाले, "देणार नाही ती. मी तिला ओळखतो." ती चूक काढा नाहीतर खेळ सोडा, असं मालकांनी बजावलं. सरांनी त्या दोघींना एका कोपऱ्यात हलवलं, म्हणजे त्यांची देवघेव चालू राहील आणि भाडेकरूलाही पुढे जाता येईल. पण थांबवलं नाही. मालकांनी खेळ बाजारात आणला तो गुपचूप, आणि सरांची रवानगी बँकांच्या कामावर केली. सरांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी मात्र पुष्कळ काढले.

'शेजार'च्या सीड्या दुकानांत धूळ खात पडल्या. मग कुठल्याशा वसतिगृहातल्या मुलांनी एकमेकांना देऊन तो पसरवला. खेळ जिंकून संगणक तसाच चालू ठेवला, तरी सकाळी त्या दोघी डबा घेऊन फिरतच असतात, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ती मुलं वेडी झाली. परवा स्वारगेटला बसच्या रांगेत एक मुलगी मैत्रिणीला म्हणत होती, "डबा धुऊन द्या, सांगून ठेवते!" मी उगाचच ताठ उभी राहिले.

सरांच्या साठीचा हा गौरवग्रंथ निघेल की नाही, अशी मात्र वेळ आली होती. गेल्या वर्षी शैलावहिनी गेल्या आणि सरांनी स्वतःला कोंडून घेतलं. फोन नाही, भेट नाही. मीही हट्टी आहे; दार उघडेपर्यंत घंटा दाबून धरली. आत ओट्यावर डबेच डबे. शेजाऱ्यांचे. घासलेले, पुसलेले, ओळीने पालथे घातलेले.

"सर, हे परत का केले नाहीत?"

"काय घालून देऊ?" सर म्हणाले.

खरं सांगते, मला रागच आला. "रवा आहे ना घरात? मग भाजायला शिका," मी म्हणाले. "पडलेल्या माणसाने उठून डबा परत करायचा, हा नियम तुमचा की माझा?" सरांनी उठून गॅस पेटवला.

काही दिवसांनी माझ्या दाराची घंटा वाजली. तीन जिने चढून सर दम खात उभे होते. शेजाऱ्यांचे सगळे डबे पोचवून झाले होते. हातातला हा वहिनींचा होता. "शिरा आहे. गुठळ्या झाल्यात, मुकाट्याने खा," ते म्हणाले. "डबा धुऊन द्या. आणि तुमच्या त्या ग्रंथाचं काय ते करा एकदा."

सर, तो डबा मी घासून ठेवला आहे. आज आपल्या साठीच्या दिवशी जवसाची चटणी भरून घेऊन येते आहे. आपण तो रिकामा पाठवणार नाही, मी रिकामा ठेवणार नाही, आणि कुणी थांबायचं याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तेव्हा प्रकृतीला जपा, गुडघ्यांना तेल लावा. माझं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आपल्याला अजून पुष्कळ वर्षं तो जिना चढायचा आहे.