वकिलांची छोटी वही

बाळांनो, साताऱ्यात आमच्या शेजारी नगरपालिकेचे वकील राहतात. कामगारांनी कोर्टात दावा लावला, तर हे नगरपालिकेच्या बाजूने उभे राहतात. बोलणं मधाळ, खिशात कायम छोटी वही.

आमची गल्ली झाडणाऱ्या हौसाबाईंचा दावा चालू होता. सलग काम केल्याचं सिद्ध झालं, तर त्यांची नोकरी कायम होणार होती. एका सकाळी वकिलांनी फाटकाशी त्यांना स्वतःच्या हाताने चहा दिला.

"मावशी, म्हसवडच्या जत्रेला गेला होतात ना?"

"व्हय की! आठ दिस ऱ्हायले. लय गर्दी हुती!"

वकिलांनी हसत वही काढली.

कोर्टात तेच आठ दिवस कामातला खंड ठरले. हौसाबाई हरल्या.

"काकू, बऱ्या आहात ना?" असं वकील अजूनही विचारतात. मी आधी त्यांच्या खिशाकडे बघते.