राजस्थानला न गेलेले नऊ दिवस

बायको गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी ती गाडी माझ्याकडं आली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, दोरखंडानं करकचून बांधलेली. विट्याच्या अलीकडं रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या आणि हवालदार म्हणून सुटून आल्यावर हे टाकलं. हाताखाली कुणी नाही. मागच्या खोलीत मी राहतो.

गाडीचा मालक कऱ्हाडकडच्या ऊसवाल्या घरातला, चाळिशीचा, पुण्यात राहणारा. ही दोन सीटांची जपानी स्पोर्ट्स कार त्याच्या चुलत्यानं आफ्रिकेतून जहाजानं आणली होती. चुलते वारले आणि गाडी शेडमध्ये खतांच्या पोत्यांशेजारी पडून राहिली. आता जुन्या गाड्यांची एक रॅली निघणार होती, साताऱ्यातून राजस्थानात जाऊन नऊ दिवसांनी परत.

"काका, हिला उभी करायची हाय," तो म्हणाला. "फौजेत तुमी जोंगा जिपा केल्यात म्हनं. हिचंबी सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन हाय."

मी बॉनेट उघडलं. उंदरांनी वायरिंग कुरतडून घरटं केलं होतं. पण इंजिन बघितलं आणि फार वर्षांनी ओळखीचं माणूस भेटावं तसं वाटलं.

पुढचे आठ महिने मी त्या गाडीबरोबर काढले. पेट्रोलची टाकी गंजली होती. तिच्यात मूठमूठ बारीक खडी टाकून ती दोन्ही हातांनी हलवत बसायचो, गंज सुटेपर्यंत. ब्रेकची रबरं कुठंच मिळेनात, ती सांगलीत एका खराद्याकडून साचा काढून करून घेतली. खाली दगड लागू नये म्हणून इंजिनाखाली जाड पत्रा ठोकला. दोन कार्बुरेटर होते. दोन्ही सारखी हवा ओढतात का हे बघायला रबरी नळीचं एक टोक कार्बुरेटरच्या तोंडाशी धरायचं आणि दुसरं कानाशी. हळूहळू दोन्हीकडचा फुसफुसाट एकसारखा होत गेला. त्या दिवसांत माझ्या कानाशी बोलणारं तेवढंच होतं.

रॅलीत गाडीमागं दोन माणसं लागतात. एक चालवणारा, दुसरा डावीकडं बसून नकाशा आणि वळणं वाचणारा. मालक एकदा सहज म्हणाला, "तुमच्याशिवाय ही गाडी कुनाला कळनार, काका?" मी ते वाक्य धरून बसलो. डोळे तपासून वाचायचा नवा चष्मा केला. अंतरांची वही सुरू केली. डावीकडची सीट खाली-वर करताना मी माझ्याच गुडघ्यांचं माप धरलं. चाचणीला औंधला गेलो, यमाईच्या डोंगराचा चढ गाडी एका दमात चढली. वर कुणाला तरी सांगावंसं वाटलं. पुजाऱ्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि आत गेला.

सांगलीला दिलेल्या मुलीला मात्र फोन करून सांगितलं, "मी राजस्थानला निघालोय." ती इतकी हसली, म्हणाली, "आबा, आई असती तर तुम्हाला एकट्याला सोडलं नसतं."

ठरल्या दिवशी सकाळी मी स्वतः गाडी साताऱ्याला नेली. मागं माझी बॅग होती. मैदानात गाड्या ओळीनं लागलेल्या. मालक आला आणि त्याच्याबरोबर त्याच्याच वयाचा एकजण, दोघांच्या अंगात सारखेच टी-शर्ट.

"काका, हा माझा मित्र. नेव्हिगेटर," मालक म्हणाला. मग वाकून माझ्या पाया पडला. "तुमी हिला जिवंत केली. आता एवढा आशीर्वाद द्या."

मी दिला. मित्रानं मागची बॅग उचलून विचारलं, "ही कुणाची?"

"माझीच. पानं-हत्यारं हायती," मी म्हणालो. आत तीन जोड कपडे होते.

झेंडा पडला, गाडी गेली. तिचा आवाज गर्दीतनं वेगळा ऐकू येत होता तोवर उभा राहिलो. नंतर स्टँडवर जाऊन विट्याची एसटी धरली. कंडक्टर म्हणाला, "कुठं निघालाय पावनं, एवढं सामान घिऊन?"

"निघालो न्हाई," मी म्हणालो. "परत चाललोय."

एसटीतच मुलीचा फोन आला. "निघाली का गाडी?"

"निघाली," मी म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. पण तिनं पुढं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी आलो आणि गॅरेजचं शटर वर केलंच नाही. उघडं दिसलं असतं तर गावातल्या कुणीतरी तिला कळवलं असतं. मागच्या दारानं ये-जा करायची, स्टोव्हवर भात टाकायचा. ती रोज दुपारी फोन करायची आणि मी तिला राजस्थान सांगायचो. फौजेत दोन उन्हाळे तिकडं काढलेले, त्यातलं काढून काढून सांगत गेलो. वाळूत चाक कसं रुततं, उंट रस्त्यात कसा बसून राहतो. ती लेकराला हाका मारून म्हणायची, "ऐक, आजोबा काय सांगतायत!" फोन ठेवला की खोलीत नुसता पंख्याचा आवाज.

सहाव्या दिवशी मालकाचा फोन आला. आवाज घाबरलेला. "काका, उन्हात गाडी बंद पडलीया. चालू हुती आन् लगीच मरती. हितं कुनालाच कळंना."

"सेल मार. फोन इंजिनाजवळ धर."

मी डोळे मिटून ऐकलं. इंजिन धरायचं, दोन-तीनदा फुरफुरायचं आणि उपाशी माणसासारखं गळून जायचं.

"पेट्रोल पंप तापलाय. पेट्रोलची वाफ हुतीया. पंपावर ओलं फडकं गुंडाळ, पाणी वतत ऱ्हा, आन् अर्धा तास सेल मारू नगं. फौजेत आमी ओलं गोणपाट बांधायचो."

तो फोनवरच थांबला. अर्धा तास पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. मग त्यानं पुन्हा सेल मारला. इंजिन धरलं, आणि धरून राहिलं.

"काका, तुमी हितं पायजे हुता," तो म्हणाला.

"मला यायचंच हुतं रं," माझ्या तोंडून गेलं.

पलीकडं नुसतं इंजिन ऐकू येत राहिलं. मग तो म्हणाला, "काका, तुमी एका शब्दानं बोलला न्हाईसा."

"व्हय. न्हाई बोललो."

गाडी रॅली पुरी करून आली. त्यानं फोटो पाठवला, दोघं बॉनेटवर हात टेकून उभे. पुढच्या वर्षी आपण दोघंच जाऊ असं तो मनापासून म्हणाला. पण वर्षाच्या आतच तो कामासाठी परदेशात गेला आणि गाडी बंगळूरच्या कुणाला तरी दिली. मला त्याचा राग नाही. मी मागितलंच नव्हतं, तर त्यानं द्यावं कसं?

रॅलीच्या नवव्या दिवशी मुलीनं फोनवर विचारलं, "आबा, पोचलात का घरी?"

मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता रागावेल.

"मग नऊ दिवस जेवलात काय?" तिनं विचारलं.

"भात."

"नुसता?"

"कधी दूध घालून."

तिनं फोन ठेवला. संध्याकाळच्या गाडीनं ती लेकराला घेऊन आली आणि आधी शटर वर केलं. चार दिवस राहिली आणि गेली. आता महिन्यातनं एखादा रविवार येते. ती आलेली मला आवडते, हे मी तिला फोनवर सांगून बघितलं. जमलं, पण अवघड गेलं.