मादीचं पहिलं जेवण

माझ्या लेकीने सापांची जोडी पाळली होती. होती म्हणते, कारण आता नर तेवढा उरलाय. मादी माझ्यामुळे गेली. हे आधीच सांगून टाकते, मागाहून सांगायला धीर पुरेल न पुरेल.

साप म्हणजे ते आपले फणेवाले नव्हेत हं. परदेशी, बिनविषारी, भगव्या अंगावर तांबडे पट्टे आणि पोटाखाली मक्याच्या कणसासारखी नक्षी. म्हणूनच कॉर्न स्नेक म्हणतात. आम्ही झाशीतले जुने मराठी, घरात कधी अंडं शिरलं नाही, आणि मागच्या पडवीत वेगळा छोटा फ्रिज, त्यात गोठवलेले उंदीर! शेजारीण म्हणायची, "अम्माजी, बिटिया ने ब्याह तो किया नहीं, साँप बसा लिए." मी म्हणायची, "साँप ताने तो नहीं मारते, बहनजी."

लेक सरकारी शाळेत शिकवते. त्या वर्षी तिची बदली मऊरानीपुरला झाली. तिथे खोली घेऊन राहायची, पंधरा दिवसांनी घरी यायची. हिवाळ्यात काही प्रश्न नव्हता. थंडीत हे साप जेवत नाहीत, अंधाऱ्या गार खोलीत आपापल्या पेटीत अडीच महिने पडून असतात. फक्त पाणी बदलायचं. पण फेब्रुवारी सरत आला, उन्हं तापली, आणि तिच्या शाळेत परीक्षा लागल्या. तीन आठवडे येता येणार नव्हतं. जाताना ती मला बजावून गेली.

"आई, आधी आठवडाभर नुसती ऊब आणि पाणी. मग पहिलं जेवण सगळ्यात लहान. ते उंदराचं बिनकेसाचं पिल्लू असतं ना, ते एकच. पाच दिवसांनी दुसरं. पोट इतके दिवस बंद होतं, एकदम मोठं दिलंस तर पचायचं नाही. आणि मादीकडे जास्त लक्ष दे. यंदा तिची अंडी घ्यायचीत, अंगात मांस भरल्याशिवाय नराजवळ सोडायची नाही."

"कळलं गं बाई. तुला वाढवलं मी, सापाला नाही वाढता येणार?"

फ्रिज उघडला आणि ती पिल्लं पाहिली. गुलाबी, डोळे मिटलेले, मूठ आवळल्यासारखे इवले पाय. मला तीन मुलं झाली, एक जगलं. त्या पिल्लाला चिमटा लावायला माझा हात धजेना. खालच्या कप्प्यात मोठे उंदीर होते, केसाळ, शेपटीवाले. म्हटलं, यांनी निदान चार दिवस जग तरी पाहिलंय. आणि आमच्याकडे उपास सुटला की पान भरून वाढतात. अडीच महिन्यांच्या उपाशी जिवाला चिमूटभर काय द्यायचं? मोठा काढला, कोमट पाण्यात सोडला, मऊ झाल्यावर मादीपुढे धरला. तिने झडप घातली. बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी सकाळी पेटीत तो उंदीर अर्धा विरघळलेला पडला होता. तो वास माझ्या नाकातून अजून गेलेला नाही. मादी कोपऱ्यात, मान वाकडी करून. तेव्हाच लेकीला फोन करायचा. मी काय केलं? भिंतीपलीकडे खड्डा करून ते पुरलं, आंघोळ केली, आणि तिचं पोट रिकामं राहील या भीतीने दुसऱ्याच दिवशी पुन्हा दिलं. पुन्हा मोठंच. तेही बाहेर आलं.

संध्याकाळी लेकीचा फोन. "जेवली का गं?"

"जेवली की."

जेवली होतीच ना! पुढचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग मन घट्ट करून एकदा पिल्लू दिलं, ते टिकलं. पुढच्या वेळी मादीने तोंडच फिरवलं. फोनवर मी चार जेवणं सांगितली.

परीक्षा संपवून लेक आली. मादीला हातावर घेऊन म्हणाली, "बारीक वाटतेय गं. कणाही हाताला लागतोय."

वजनाचा काटा समोर फळीवर होता. ती त्याच्याकडे हात नेते की काय म्हणून मी घाईने बोलले, "हिवाळ्यात वाळली असेल. आता चारदा पोटभर जेवलीय."

माझ्या शब्दावर विसंबून तिने काटा उतरवला नाही. कात टाकून झाल्यावर मादीला नराच्या पेटीत सोडलं.

मे महिन्यात, लेक सुट्टीत घरी असताना, अंडी आली. पाच बाहेर पडली, पिवळट, सुरकुतलेली. बाकीची आतच अडकली. पोटावर गाठी दिसायच्या, आणि ती सगळं अंग पिळून जोर करायची आणि थकून पडायची. मी बाळंतपणं पाहिलीत, माझी आणि दुसऱ्यांची; तो जोर मला ओळखू येत होता. इलाइट चौराह्यापाशी जनावरांचे डॉक्टर बसतात, तिथे नेली. बिचारे हात जोडून म्हणाले, "मैं गाय-भैंस का डॉक्टर हूँ, बिटिया. इसमें हाथ नहीं डालूँगा. कमज़ोर बहुत है, खिलाया नहीं क्या?"

लेक म्हणाली, "खिलाया है. अम्मा ने खिलाया है."

दुसऱ्या दिवशी दुपारी मादी गेली. लेक पेटीपाशी बसून स्वतःलाच बोल लावत होती, "मी वजन करायला हवं होतं, मी घाई केली, मीच मारली." ते ऐकवेना. मी सगळं सांगितलं. दोन्ही उंदीर, खड्डा, चार जेवणं.

तिने पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाली, "उलटी झाली हे सांगितलं असतंस, तर मी यंदा जोडी लावलीच नसती. एवढंच करायचं होतं, आई." आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोसलं असतं.

नर जोडीच्या दिवसांत जेवतच नव्हता, मादीच्या वासावर पेटीत फेऱ्या घालायचा. जूनमध्ये त्याची भूक परतली. लेक मऊरानीपुरला जाताना लक्ष्मी गेटजवळच्या एका निवृत्त कंपाउंडरला सगळं समजावून गेली. दर गुरुवारी ते येतात. मी दार उघडते, चहा ठेवते. ते उंदीर देतात, नराला काट्यावर ठेवतात आणि आकडा तिला फोनवर कळवतात.

मागच्या गुरुवारी त्यांनी विचारलं, "अम्माजी, आप तो घर में ही रहती हैं. बिटिया मुझे क्यों दौड़ाती है?"

मी म्हटलं, "मैं झूठ बोलती हूँ, भैया. इसलिए."

ते खो खो हसले. म्हणाले, "आप भी खूब मज़ाक करती हैं." आणि कपात आणखी साखर मागितली.