मावशींचे दात आणि मॅडमचे प्रवाळ

आधीच सांगतो, अंगारे-धुपारे, दृष्ट यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या कुंभवलीच्या घरातून कॉलेजला जाणारा मी पहिला, तेही बीएस्सीला... त्यामुळे हे लिहावं की नाही, असं बरेच दिवस चाललं होतं.

आमच्या प्राणिशास्त्राच्या मॅडम बोईसरला तिसऱ्या मजल्यावर राहतात. आतल्या खोलीत त्यांची खाऱ्या पाण्याची टाकी आहे – जिवंत प्रवाळांची. बोटभर तुकड्यांपासून सहा वर्षं वाढवलेले. दिवाळीत लेकीकडे जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्यावर सोडून जातेय हं," एवढंच म्हणाल्या.

पाचव्या दिवशी फुलासारखे उमलणारे प्रवाळ मिटले. सातव्या दिवशी एकाची कड झडून पांढरा सांगाडा दिसू लागला. खारटपणा, तापमान, सगळ्या टेस्ट दोनदा केल्या... सगळं बरोबर! मॅडमना फोन लावायचा धीर होईना.

आठव्या दिवशी सकाळी बेल वाजली. सातपाटीच्या मासळीवाल्या मावशी. मॅडमकडे नेहमी येतात, पण दाराबाहेरच बसतात. तिथून टाकी दिसतसुद्धा नाही. पाटी उतरवली आणि एकदम स्वतःचा गाल धरला.

"मॅडम नाय? मंग तू कोण, जावई?"

"नाही हो मावशी! विद्यार्थी. टाकी सांभाळायला..."

"मंग सांभाल ना नीट! लोखंड सडतंय आत. दगडाच्या मागं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ते मला नाय ठावं. बोटीचा खिला पाण्याखाली सडला का माजे दात असेच शिवशिवतात. आमचा मालक आधी मला बोटीत बसवतो, मंग सुताराला बोलावतो."

मी हसलो... आणि मग आठवलं. पहिल्याच दिवशी टाकीतल्या पंपाची क्लिप तुटली होती. आमच्या घरी बादलीच्या कडीपासून खाटेच्या पायापर्यंत सगळं बाबा लोखंडी बाइंडिंग वायरने बांधतात. मीही तेच केलं होतं, वर टेप गुंडाळून. दगडामागे हात घातला – टेप फाटलेली, वायरचा नारिंगी भुगा!

वायर काढली, पाणी बदललं, पाणी शुद्ध करणारा कार्बन टाकला. त्यानंतर चौथ्या दिवशी पहिल्या प्रवाळाने बोटं बाहेर काढली. मी एकटाच खोलीत नाचलो.

मग फोन करून सगळं कबूल केलं. "वायर? माझ्या टाकीत?" आणि मॅडम खोखो हसत सुटल्या. "अरे, आपल्या टेस्टमध्ये लोखंड मोजतच नाहीत!"

म्हणजे आजाराचं निदान झालं. पण दातांचं?

परत आल्यावर मॅडमनी प्रयोग केला. स्वयंपाकघरात खाऱ्या पाण्याचे तीन बंद डबे, एकातच गंजका खिळा. मावशी दाराबाहेर.

"मधला," मावशी म्हणाल्या. "आता बोंबील घेता का नाय?"

जागा बदलून तीनदा केलं. तिन्ही वेळा बरोबर. मॅडमच्या वहीत 'कारण' या शब्दापुढची जागा अजून कोरीच आहे.

टाकीचं काम आता दर रविवारी माझ्याकडे असतं. टेस्ट मी करतोच, मनापासून करतो. पण नंतर दाराशी जाऊन थांबतो... मावशी पाटी उतरवतात, दातांवरून जीभ फिरवतात आणि म्हणतात, "गप हायत आज." मग कुठे मला हायसं वाटतं.