तीन वाक्यांचा सौदा

टीव्ही मी हौसेनं घेतला नाही, रागानं घेतला. सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याजवळच्या डोंगरावरून मुंबईचे कार्यक्रम पुढे सोडायला लागल्यापासून फलटणमध्ये एखाद्या-दुसऱ्या घरावर उंच नळी आणि तिच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या काड्या दिसू लागल्या होत्या. आमच्या आळीत पहिली माझी. पुण्याच्या दुकानदाराशी मी दुपारभर घासाघीस केली आणि ती नळी फुकटात पदरात पाडून घेतली. तो थकून म्हणाला, "काका, तुम्ही धंदा तरी काय करता?"

"दलाल हाय," मी म्हटलं. "शेरडामेंढरांचा."

आज लिहिताना मी 'आहे' लिहितो, बोलताना अजून 'हाय' म्हणतो. आणि राग नेमका त्याचाच होता.

माझा बाप माण तालुक्यातल्या माळावर मेंढरं राखायचा. मी चौथीनंतर पाटी ठेवली आणि जनावरांच्या बाजारात उभा राहिलो. तिथं भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची, जितकी बोटं दाबली तितका भाव. भोवती शंभर माणसं असली तरी कुणी किती मागितले आणि कोण किती खाली आला हे कळत नाही, म्हणून कुणाची लाज जात नाही. त्या रुमालाखालून मी घर बांधलं आणि एकुलत्या मुलीला गावातल्या चांगल्या शाळेत घातलं.

ती आठवीत असताना शाळेच्या संमेलनात एक नाटक झालं. राजकन्या वेश बदलून बाजारात फिरते आणि लोकांचं सुखदुःख ऐकते, एवढीच गोष्ट. राजकन्या माझी मुलगी होती. मी पुढच्या रांगेत बसलो होतो. तिनं मान वर करून पहिला शब्द उच्चारला तेव्हा मला वाटलं, आपण माण सोडला ते बरं केलं. पुढे कुणाच्या तरी ओळखीनं त्या नाटकाला मुंबईहून टीव्हीचं बोलावणं आलं. आठ दिवसांत नाटक बसवणाऱ्या बाईंनी राजकन्या बदलली. ती जागा डॉक्टरांच्या मुलीला गेली.

मी बाजारातून तसाच, पायाला शेणमाती लागलेली, शाळेत गेलो.

"अहो, मुलगी गुणी आहे," बाई म्हणाल्या. "पण ती 'पाणी'ला 'पानी' म्हणते. 'लोणी'ला 'लोनी'. इथं चालून गेलं. तिकडं सगळा महाराष्ट्र ऐकणार."

"मंग ऐकू द्या की. सगळा महाराष्ट्र काय प्यातो? पानीच प्यातो."

शिपाई हसला. बाई हसल्या नाहीत. माझा आवाज चढला, वर्गांच्या खिडक्यांत पोरींची तोंडं दिसू लागली. त्यात एक माझ्या मुलीचं होतं. मी थांबायला हवं होतं. पण समोरचा नरमतोय असं दिसलं की मला थांबता येत नाही, आणि बाई नरमत होत्या.

"बरं, गर्दीत उभी करते," त्या म्हणाल्या.

"गर्दीत उभं ऱ्हायाला मुंबईला कशाला? बोलायला पायजे."

"एक वाक्य देते. भाजीवाली करते तिला."

"पाच."

"दोन."

शेवटी तीन वाक्यांवर ठरलं. सौदा जिंकल्याच्या गुर्मीत मी घरी आलो. संध्याकाळी मुलगी म्हणाली, "आण्णा, ऱ्हाऊ द्या. मला न्हाई जायाचं."

"का? भांडून घेतलंय मी."

ती मुंबईला जाऊन आली. कोणती वाक्यं म्हटली विचारलं तर म्हणायची, "दिसंल तवा बघा." मला वाटलं, लाजते आहे. मी टीव्ही आणला.

नाटक लागणार होतं त्या संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत आळी जमली. माझा बाजारातला जोडीदार जेवण लवकर उरकून आला. शेजारच्या आक्का भिंतीला टेकून बसल्या. मुलगी सगळ्यांच्या पुढे, टीव्हीपासून हातभर अंतरावर. आधी शेतीचा कार्यक्रम झाला. कोट घातलेला एक गृहस्थ उसाच्या लागणीबद्दल सांगत होता. "याच्या हाताला एक घट्टा दिसंना," जोडीदार म्हणाला. मग चित्रावर मुंग्या आल्या. मी छपरावर चढून नळी फिरवली, खालून बायको ओरडत राहिली, "आवं, आलं. गेलं. आलं, आता हात लावू नगा."

मी खाली आलो तोवर बायकांच्या कार्यक्रमात पाककृतींची स्पर्धा सुरू झाली होती. चार बायका, चार शेगड्या. आक्का डोळे बारीक करून बघत होत्या.

"हिनं मीठ टाकलं न्हाई," त्या म्हणाल्या.

"टाकलं आसंल, आक्का. आपल्याला दिसलं नसंल."

"मी मघापास्नं तिच्या हाताकडं बघतीया. न्हाई टाकलं."

मग खोलीभर एकच कुतूहल. परीक्षक चव घेतील तेव्हा तोंड कसं करतील? परीक्षक आले, पहिला चमचा तोंडात घातला, मान डोलावली आणि म्हणाले, "अप्रतिम." त्याच बाईला पहिलं बक्षीस मिळालं.

"बोळवण करतोय," आक्का म्हणाल्या. "चव कुणाला कळतीया इथनं?"

सगळे हसले. मीही. मुलगी हसली नाही, हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

नंतर नाटक लागलं. डॉक्टरांची मुलगी जरीचं पातळ नेसून उभी होती. तिचा प्रत्येक 'ण' टाचणीसारखा टोचत होता. बाजाराचं दृश्य आलं. कोपऱ्यात पाटी घेऊन माझी मुलगी बसली होती, पदर खोचलेला, कपाळावर मोठं कुंकू. वेश बदललेल्या राजकन्येनं मेथीची जुडी उचलून भाव कमी करायला सांगितलं. माझ्या मुलीनं मान तिरकी केली, उजवा हात झटकला आणि म्हणाली, "घ्याची तर घ्या, न्हाईतर जुडी खाली ठिवा. सकाळधरनं उन्हात बसलीया. राजाची लेक आली तरी भाव त्योच हाय."

खोली हसून हसून लोळली. जोडीदारानं माझ्या मांडीवर थाप मारली. "गड्या, ह्यो तर तूच. मान बी तुझी, हात बी तुझा." टीव्हीतली राजकन्या पदर तोंडाला लावून हसली आणि पुढे निघून गेली. राजकन्येनं हसून पुढे जाण्यासाठीच ती भाजीवाली तिथं बसवली होती.

सुरुवातीला मीही हसलो. मग मुलीकडे पाहिलं. ती टीव्हीकडे पाठ करून माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे.

बाजारातला पहिला नियम आहे: आधी दात बघावेत, मग रुमाल काढावा. तोंड उघडून दात पाहिल्याशिवाय जनावराचा भाव करणारा माणूस मी आयुष्यभर मूर्ख ठरवला. बाईंकडून मी तीन वाक्यं घेतली, ती कोणती हे विचारलंसुद्धा नाही. आणि बाजारात अडाण्याचीसुद्धा लाज झाकणारा रुमाल शाळेच्या आवारात नव्हता. तिथला माझा सगळा सौदा उघड्यावर, तिच्या मैत्रिणींच्या डोळ्यांदेखत झाला होता.

लोक गेल्यावर मी विचारलं, "तसं बोलायला बाईंनी सांगितलं?"

"बाई म्हनल्या, तुझे वडील त्या दिवशी बोलत होते ना, तसं बोल." ती सतरंजी गुंडाळत होती. "मी नगं म्हनलं व्हतं. मंग त्या म्हनल्या, वडिलांनीच मागून घेतलंय."

सकाळी मी धोतर नेसून, टोपी घालून तयार झालो. बाईंना काय सुनवायचं ते रात्रभर घोकलं होतं. मुलगी दप्तर घेऊन दारात उभी राहिली.

"तुम्ही शाळेत येऊ नका," ती म्हणाली.

'तुम्ही.' 'येऊ नका.' एकेक अक्षर जागच्या जागी होतं. हे तिला कधीपासून येत होतं, कुणास ठाऊक. आयुष्यात मी कुणाला इतक्या लवकर 'बरं' म्हटलं नव्हतं. ती गेली. मी टोपी काढली आणि उंबऱ्यावर बसून राहिलो. त्या दिवसापासून ती आईशी आमच्यासारखं बोलायची आणि माझ्याशी पुस्तकासारखं.

आज तिची मुलं मोठी आहेत. बाईंवरचा राग मात्र माझा गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. तो खाली ठेवला तर मागे उरेल ते सगळं माझ्याच वाट्याचं असेल.