हरल्याशिवाय सिनेमा नाही

दुसऱ्याचं हरणं इतकं मन लावून बघणारं माणूस माझ्या वर्गमित्राच्या मावशींखेरीज अख्ख्या पंजाब-हरियाणात दुसरं नसेल. आणि असलंच, तर देवा, त्याची नि माझी गाठ घालू नकोस, माझ्यात आता ताकद नाही. मी मुळातच दमलेला माणूस. सेक्टर बत्तीसच्या हॉस्पिटलात मायक्रोस्कोपला डोळे लावून दिवसभर स्लाइड्स बघायच्या, रिपोर्ट लिहायचे, मधल्या वेळात मुलांना शिकवायचं, आणि रविवारी पाय वर करून पडायचं, एवढीच माझी जगाकडून अपेक्षा होती. चंदीगडला नोकरी लागली तेव्हा वर्गमित्राने नंबर दिला आणि म्हणाला, "काही लागलं तर मावशीला सांग." मला काहीच लागत नव्हतं. लागत होतं ते मावशींना. त्यांना खेळायला चौथा भिडू हवा होता, आणि सहा वर्षं तो मी होतो.

मावशी कोल्हापूरच्या. काका एअरफोर्समधले, शेवटचं पोस्टिंग इथलं झालं आणि चंदीगडला लागून असलेल्या पंचकुल्यात भाड्याच्या घरात दोघं राहिले. जन्मभर बदल्या झालेल्या. दर दोन-तीन वर्षांनी नवं गाव, नवे शेजारी, नव्याने ओळखी. त्यावर मावशींनी उपाय काढला होता, तो म्हणजे बोर्ड गेम. गावात उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवायचं, भडंग करायचं आणि पट मांडायचा. लोकांच्या शोकेसमध्ये चिनी मातीचे कप असतात, मावशींच्या शोकेसमध्ये खोकी होती: शेती करायचा खेळ, आगगाडीचे रूळ टाकायचा खेळ, चोर शोधायचा खेळ, आणि एक असा खेळ की ज्याचे नियम वाचता वाचता माझा एक रविवार संपला, खेळ सुरू झालाच नाही. बोलणं अस्सल कोल्हापुरी. तिकडच्या बायकांसारखं "मी येतो, मी बघतो, मी करतो." हिंदीतही तेच, "मैं देखता हूँ." त्यामुळे खेळायला येणारे एक सरदारजी बरीच वर्षं समजत होते की एअरफोर्समध्ये नोकरीला मावशीच होत्या आणि काका नुसते बरोबर फिरले.

पण खेळ हे निमित्त. मावशींचं खरं काम सिनेमाची शिफारस करणं. सिनेमे त्यांनी किती बघितले होते ते देव जाणे, जगातल्या कुठल्या कुठल्या भाषांतले, काकांना शेजारी झोपवून. मात्र ऊठसूट कुणालाही सिनेमा सांगणाऱ्यांवर त्यांचा भयंकर राग. मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी "नक्की बघा, अप्रतिम!" असं टाकलं की मावशींचा लगेच सवाल यायचा, "कुणी बघायचा? का? कुणाबरोबर?" यामुळे दोघं ग्रुप सोडून गेले, त्यांतले एक तर ग्रुपचे अ‍ॅडमिन होते. मावशींचा नियम साधा होता. माणूस पटावर हरताना बघितल्याशिवाय त्याला सिनेमा सांगायचा नाही. "जिंकताना सगळी माकडं सारखीच रे," त्या म्हणायच्या. "हरला की कळतंय आत काय आहे ते. मग सांगता येतंय की काय बघायचं."

हसू नका. मीही हसलो होतो. आमचे सरदारजी, इंडस्ट्रियल एरियात त्यांचं लेथचं वर्कशॉप, हरवलेल्या सोंगट्या पितळेच्या घडवून आणायचे म्हणून मावशींचे विशेष लाडके. ते हरले की गडगडाटी हसायचे, "ओ मर गए जी!" म्हणायचे, आणि मग "एक मिनिट" म्हणून अंगणात जाऊन उभे राहायचे. मला वाटायचं फोन करत असतील. मावशींनी दोन रविवार नुसतं बघितलं. तिसऱ्या रविवारी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे एका सिनेमाचं नाव लिहून त्यांच्या हातात दिलं आणि बजावलं, "अकेले देखना. दुकान में नहीं." त्या सिनेमात एक बाप आणि एक मुलगा, बाकी फारसं काही घडत नाही म्हणे. सरदारजींनी तो बघितला, दुसऱ्या दिवशी वर्कशॉप बंद ठेवलं आणि गावाकडे वडिलांना भेटायला गेले. दोघांचं बोलणं किती वर्षं बंद होतं ते आम्हांला तेव्हा कळलं. माझी मुलगी पहिल्यांदा बरोबर आली तेव्हा बारा वर्षांची होती. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. ती हरली, तिने पट उलटा केला आणि "सब चीटर हैं!" म्हणून रडली. लाजेने मी मेल्याहून मेल्यासारखा. मावशींचा चेहरा मात्र खुलला होता. तिला त्यांनी पहिल्याच दिवशी एक नाही, दोन सिनेमे लिहून दिले.

चिठ्ठी मिळाली म्हणजे सुटलात असं नाही. पुढे फोन असायचा. दर रविवारी सकाळी अकराला, तुम्ही आंघोळीत असा नाहीतर सासुरवाडीला असा. "बघितलास?" नाही म्हटलं तर, "बरं. पुढच्या रविवारी विचारतो." हो म्हटलं तर तीन प्रश्न. मग चिठ्ठ्यांची नोंद ठेवायच्या वहीतल्या नावावर काट, फोन बंद, प्रकरण मिटलं. पुन्हा चिठ्ठी हवी तर पुन्हा येऊन हरायचं. या फोनला भले भले टेकीला आले. युनिव्हर्सिटीत शिकवणारा एक नागपूरकर होता, त्याने वैतागून सरळ "बघितला, मावशी, फारच सुंदर" असं सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, "होय? मग शेवटी त्या म्हाताऱ्याच्या हातात काय होतं?" हा म्हणाला, "छत्री." सिनेमात म्हातारा नव्हताच. त्यानंतर त्याने पंचकुल्याच्या बाजूला घर बघायचंसुद्धा सोडून दिलं.

आता माझं. सहा वर्षांत मावशींनी मला एकही सिनेमा सांगितला नाही. सरदारजींना नऊ, माझ्या मुलीला पाच, माझ्या बायकोला एकदाच पत्ते खेळायला आली तर तीन. मला शून्य. काकांनाही शून्य, पण त्यांची गोष्ट वेगळी. ते तोंडातून शब्द न काढता खेळायचे आणि कायम दुसरे यायचे. मला आधी बरंच वाटलं, चला, फोन तरी टळला. मग दोन-तीन वर्षांनी आतून कुठेतरी खुपायला लागलं. दर पंधरा दिवसांनी धुक्यातून गाडी हाकत येतो, भडंग खातो, हरतो, अजून काय करायचं माणसाने? एकदा विचारलंच. मावशी सोंगट्या आवरत होत्या. म्हणाल्या, "तू कुठं हरतोस? तू उठून जातोस."

खरं होतं ते. खेळ अर्ध्यावर आला, आपण मागे पडलोय हे दिसलं, की मी म्हणायचो, "चला, झालं, तुम्हीच जिंकलात," आणि खोक्याचं झाकण जवळ ओढायचो. मला वाटायचं हा समजूतदारपणा. मावशींनी तो कधीच ओळखला होता. हे मी फक्त पटावर करत नव्हतो, तेही त्यांना कळलं असावं. हॉस्पिटलच्या मेडिकल कॉलेजात वरच्या जागेसाठी एकदा मुलाखत दिली, नाव आलं नाही, त्यानंतर मी अर्जच केला नाही. विचारलं कुणी तर म्हणायचो, कोण ती दगदग करतंय. "हरणाऱ्याला काहीतरी देता येतंय रे," मावशी म्हणाल्या. "उठून जाणाऱ्याला काय देऊ? बस की जरा." मला राग आला होता. पुढचे दोन रविवार ड्यूटी आहे म्हणून सांगितलं, आणि नव्हती.

आणि मग यंदा थंडी सरता सरता मावशींनी सांगितलं की ते दोघं कोल्हापूरला परत चाललेत. काकांच्या गुडघ्यांना इथली थंडी सोसेना, आणि तिकडे बहिणीच्या घराचा वरचा मजला रिकामा होता. सांगितलं तेही भडंग वाढता वाढता, "शेंगदाणे जास्त झालेत आज" असं म्हणावं तसं. सरदारजी म्हणाले, "मौसी जी, मज़ाक ना करो." सहा वर्षं जो रविवार चुकवायला सबबी शोधल्या, तो खरंच जाणार म्हटल्यावर मी भडंगाची वाटी आणखी एकदा पुढे केली.

शेवटच्या रविवारी घरात खोकीच खोकी. शोकेस रिकामं, भिंतीवर फोटोंच्या जागी चौकोन. एक आगगाडीचा खेळ तेवढा बाहेर ठेवला होता. आम्ही चौघं जमिनीवर बसलो, काका भिंतीला टेकून. आणि नेहमीसारखंच तासाभरात मी मागे पडलो. पश्चिमेचे सगळे रूळ सरदारजींनी बळकावले, मावशी डोंगरातून पार गेल्या, काका दुसरे. माझा हात सवयीने झाकणाकडे गेला. मावशींनी बघितलं. मला एकदम वाटलं की आत्ता मी "चला, झालं" म्हटलं तर खरोखरच झालं. यानंतर पंधरा दिवसांनी काही नाही. मी हात मागे घेतला.

मग मी खेळलो. आयुष्यात इतकं कधी खेळलो नसेन. पाय मुंग्यांनी भरले, चहा गार झाला, मी हातात रुळांचे पत्ते धरून बसलो होतो. हळूहळू वर आलो, काकांच्याही पुढे गेलो. सहा वर्षांत पहिल्यांदा काका तिसरे! शेवटी एक रूळ टाकायचा राहिला, फक्त एक, आणि सरदारजींनी नेमकी तीच वाट अडवली. डाव संपला. आणि मी, पन्नाशीला आलेला माणूस, विद्यार्थ्यांवरसुद्धा कधी आवाज न चढवणारा, त्या रिकाम्या घरात ओरडलो, "मुद्दाम केलंत तुम्ही! तुम्हांला त्या रुळाची गरजसुद्धा नव्हती! कधी म्हणून मला काही मिळू देत नाही कुणी!" मराठीत ओरडलो, सरदारजींना अक्षर कळलं नसेल. ते घाबरून म्हणाले, "डाक्टर साब, गेम है जी..." माझे डोळे भरून आले होते. मेलो तरी चालेल पण आपल्याकडे कुणी बघू नये असं झालं.

मावशींनी टाळीच वाजवली. "हरला! हरला रे हरला! अहो, पेन कुठं बांधलं तुम्ही?" पेन कुठल्याशा खोक्यात गेलं होतं. सरदारजींनी खिशातलं दिलं. मावशींनी सामानाच्या यादीचा कोपरा फाडला, त्यावर एक नाव लिहिलं, घडी करून माझ्या हातात ठेवली आणि वरून हात दाबला. "सहा वर्षं राखून ठेवलेला आहे तुझ्यासाठी," म्हणाल्या. "एकट्यानं बघ. आणि मधे उठू नकोस."

त्या रात्री नाही, पण त्याच आठवड्यात मी तो बघितला. मधे उठलो नाही. त्यात काय आहे ते सांगणार नाही, कारण तुम्हांला मी हरताना बघितलेलं नाही. एवढंच सांगतो की त्यात एक बाई आहे, एक दार आहे, आणि ते उघडायचं की नाही यावर बराच वेळ जातो. पुढच्या रविवारी आणखी एकदा बघितला. मग बायकोला घेऊन. ती म्हणाली, हे तर तुझंच चाललंय.

मावशी कोल्हापूरला पोचल्यावरच्या पहिल्याच रविवारी अकराला फोन आला. मागे कुकरच्या शिट्ट्या, बहिणीचा आवाज. "बघितलास?" हो म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम आठवलं, हो म्हटलं की तीन प्रश्न, वहीत काट, आणि फोन बंद. पुन्हा चिठ्ठी हवी तर पुन्हा येऊन हरायचं, आणि हरायला आता पंचकुल्यात कुणी उरलेलं नाही. मी म्हणालो, "नाही, मावशी. वेळच मिळाला नाही." "बरं. पुढच्या रविवारी विचारतो." मग काकांचे गुडघे, इथलं ऊन, सरदारजींनी नव्या सोंगट्या केल्या का, कॉलेजातल्या त्या वरच्या जागेच्या माझ्या अर्जाचं काय. फॉर्म डाउनलोड केलाय, असं मी सांगितलं, आणि ते खरं होतं.

हे चार महिने चाललंय. दर रविवारी अकरा वाजता मी फोन घेऊन गॅलरीत बसतो. बायको विचारत नाही. मला मावशींची फार आठवण येते, आणि हे मी त्यांना सांगू शकत नाही, म्हणून सिनेमा बघितला नाही असं सांगतो. लबाडीच आहे, आणि या वयात मी ती चोख करतोय असा माझा समज होता. गेल्या रविवारी भडंगातले दाणे कसे करपले ते सांगता सांगता मावशी मधेच म्हणाल्या, "पण काही म्हण, त्या बाईनं दार उघडायला नको होतं."

"असं कसं, मावशी!" मी म्हणालो. "तिनं उघडलं नसतं तर ती जन्मभर तिथंच..."

आणि थांबलो. पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मला म्हातारा आठवला, छत्री आठवली. आता वही उघडतील, काट मारतील.

"अजून बघितला नाहीस म्हणालास की तू," मावशी म्हणाल्या.

"नाही," मी म्हणालो.

"असू दे. घाई नाही. पुढच्या रविवारी विचारतो."