भिंतीवरची रेघ

मंडळी, सायबर कॅफेत बसून लिहितोय, कारण घरी जायची हिंमत होत नाहीये.

जुन्या जालन्यातल्या आमच्या वाचन मंडळात आज एका आधुनिक इटालियन लेखकाची कथा होती. गावात एक अनोळखी माणूस येतो, घराघराच्या भिंतीवर रेघ मारतो आणि निघून जातो. त्याला कुणीच काही विचारत नाही.

मी नेहमीसारखं ठोकून दिलं, "हा माणूस म्हणजे मृत्यू. भीतीनं गावाची वाचा बसलीय. मृत्यू जुना होत नाही, म्हणून ही कथा अभिजात."

शहागडच्या आशाताई, झेडपीच्या शाळेत शिकवतात, आज पहिल्यांदाच आल्या होत्या. म्हणाल्या, "भीती न्हाई हो सर. दारी आलेल्याला आधी पाणी द्यावं लागतं. रस्ता रुंद करायचाय म्हणून मोजणीवाला आमच्याकडं आल्ता, सासूबाईंनी पाणी दिलं, मंग चहा टाकला. चहा उकळेपर्यंत त्यानं भिंतीवर लाल रेघ मारली बी. आता रेघेपर्यंतचं घर पाडणारेत."

मी माझी टिपणांची वही मिटून पिशवीत टाकली.

घरी आलो तर ओसरीवर उष्टी कपबशी. बायकोला विचारलं, कोण आलं होतं?

"काय माहीत. मोजायचा टेप होता हातात. चांगला माणूस होता, चहा आवडला म्हणाला."

"विचारलं न्हाईस?"

"आल्या आल्या कसं विचारायचं?"

कथा अभिजात आहेच. माझ्याआधी माझ्या घरी पोचली.

निघताना मी भिंतीकडे बघितलं नाही. आता बघावंच लागेल. जवळपास कुणी असाल तर सोबत येता का?